वजन जमिनीपर्यंत

सुट्या भागांच्या कपाटाबरोबर एक घडीचा कागद येतो. कुठला स्क्रू कुठल्या भोकात जायचा याची चित्रं त्यावर असतात आणि कुठेतरी कोपऱ्यात, बारीक आकड्यांत, या फळीवर किती किलो आणि या दांडीवर किती किलो ते लिहिलेलं असतं. जोडणी आटोपली की तो कागद पुठ्ठ्याच्या खोक्यासोबत रद्दीत जातो. आकडे वाचून कपाट भरणारं घर माझ्या तरी पाहण्यात नाही. जागा दिसली की आपण भरतो. वरच्या खणात गोधड्या आणि रजया, मधल्या फळीवर साड्यांची चवड, खाली गौरी-गणपतीला लागणाऱ्या पितळी समया, आणि एका बाजूला जुने दिवाळी अंक, कारण ते टाकवत नाहीत आणि पुस्तकांच्या कपाटात मावत नाहीत. नव्वद सेंटिमीटरच्या दांडीवर जरीच्या साड्या, कोट आणि शेरवान्या दाटीवाटीने लावल्या तर तीस-पस्तीस किलो सहज होतात. तेवढ्याच लांबीच्या फळीवर पुस्तकं उभी लावली तर वजन साधारण तेवढंच भरतं. कपाट ज्याने आखलं त्याच्या डोळ्यांसमोर मात्र घडी घातलेले शर्ट आणि दहा-बारा हँगर होते.

ही प्रस्तावना ज्या पुस्तकाची, ते पुस्तक या दोन वजनांमधल्या फरकाचं आहे. कपाट विकत घेतलं, जोडलं, भरलं. मग वर्षा-दोन वर्षांत फळीला पोट आलं, दांडीची वाटी एका बाजूने खाली आली, दारं एकमेकांना घासायला लागली, पाठीची पातळ फळी फुगून बाहेर आली. अशा वेळी घरात दोनच मतं निघतात. एक म्हणतं, भुशाचं कपाट, असंच व्हायचं. दुसरं म्हणतं, सुताराला बोलवा, दोन पट्ट्या मारून घ्या. दोन्ही मतं अर्धवट आहेत. पट्टी मारण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो. फळीवर ठेवलेलं वजन कुठून कुठे जात जमिनीला टेकतं? फळीतून पिनेत, पिनेतून बाजूच्या उभ्या फळीत, तिथून खालच्या पाटात, पाटातून पायात, पायातून फरशीत. या रस्त्यात जी जागा सगळ्यांत नाजूक, तिथेच कपाट तुटतं. बाकी सगळं मजबूत करून ती एक जागा राहून गेली, तर पैसे आणि श्रम दोन्ही वाया जातात.

आपल्या जुन्या घरांत हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. वाड्यातलं कपाट भिंतीच्या जाडीतच कोरलेलं असायचं. फळीची दोन्ही टोकं भिंतीत, म्हणजे वजन थेट बांधकामात. सागवानी कपाट सुतार घरी येऊन करायचा, कुसू घालून सांधे बसवायचा, आणि ते कपाट नंतर दारातून बाहेर निघेल की नाही याची चिंता कुणी करत नसे. मग लोखंडी कपाट आलं. गोदरेजचं स्टोरवेल १९२३पासूनचं. मराठी घरात लग्नाच्या वेळी घेतलेलं ते कपाट तीन पिढ्या चालतं, कारण पत्र्याच्या कडा दुमडलेल्या असतात आणि दुमडलेली कड हीच त्याची तुळई असते. पत्रा नुसता सपाट असता तर एका गोधडीनेही वाकला असता. ही दुमडलेली कड लक्षात ठेवा. पुढे पट्टीची गोष्ट येईल तेव्हा तीच युक्ती लाकडात भेटेल.

सुट्या भागांचं फर्निचर मुळात वाहतुकीसाठी जन्मलं. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटची १४ क्रमांकाची खुर्ची १८५९ची. वाफवून वाकवलेलं लाकूड आणि मोजके स्क्रू; सुटी केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात बसायच्या. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या सामानातली उकलून ठेवायची टेबलं आणि कपाटंही याच वंशातली, आणि त्यातली कितीतरी हिंदुस्थानातच केली गेली. १९५६ साली स्वीडनमध्ये आयकियाच्या गिलिस लुंडग्रेन यांनी गाडीत मावत नव्हतं म्हणून टेबलाचे पाय काढले, ही गोष्ट आता दंतकथेसारखी सांगितली जाते. पाय काढणं ही नवलाई नव्हतीच. नवलाई होती ती पुढच्या पायरीत: जोडायचं काम गिऱ्हाइकाकडे सोपवलं गेलं. थोनेटची खुर्ची दुकानदार जोडायचा. आता जोडणारा हात शिकाऊ आहे हे गृहीत धरून सांधा आखावा लागला. हातोडा न लागणारा, सरस न लागणारा, एका किल्लीने आवळता येणारा सांधा. आपले मिस्त्री ज्याला मिनिफिक्स म्हणतात तो हाच.

दुसरा धागा फळीचा. जर्मन अभियंता माक्स हिमेलहेबर यांनी १९३०च्या दशकात लाकडाच्या तुकड्यांना रेझिनमध्ये दाबून फळी करण्याच्या पद्धतीवर काम केलं. महायुद्धात आणि त्यानंतर लाकडाची टंचाई होती, त्यामुळे पार्टिकल बोर्ड युरोपभर पसरला. या फळीला रेषा नाही, गाठ नाही. ती सगळीकडून सारखी असते म्हणून यंत्राला आवडते. मग जर्मनीतच बत्तीस मिलिमीटरची पद्धत रुळली: पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटरवर भोकांची उभी ओळ, प्रत्येक भोक ५ मिलिमीटरचं, दोन भोकांत ३२ मिलिमीटर. तुमच्या कपाटाच्या आतल्या बाजूला ठिपक्यांची जी रांग दिसते ती हीच. एका कारखान्याची फळी, दुसऱ्याची बिजागरी, तिसऱ्याचा ड्रॉवर, आणि सगळं एकमेकांत बसतं. सोय मोठी आहे. पण फळी चार छोट्या पिनांवर टेकते, हे त्या सोयीचं मोल.

आपल्याकडे हे उशिरा आलं, आणि येण्यामागे जंगलाचाही हात आहे. १२ डिसेंबर १९९६ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशाने जंगलतोडीला वेसण बसली आणि ईशान्येकडच्या प्लायवुड गिरण्यांचा कच्चा माल आटला. पुढे शेतात लावलेल्या पॉप्लर आणि निलगिरीवर यमुनानगरसारखी केंद्रं वाढली. त्याच काळात उसाच्या चिपाडापासून, रबराच्या लाकडापासून बोर्ड करण्याचे कारखानेही चालले. भारतीय मानकांत प्लायसाठी आयएस ३०३, पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायसाठी आयएस ७१०, पार्टिकल बोर्डासाठी आयएस ३०८७ आणि लॅमिनेट लावलेल्या पार्टिकल बोर्डासाठी आयएस १२८२३ असे वेगवेगळे क्रमांक आहेत. फळीवरचा शिक्का बघून माल घ्यायची सवय सुतारांना आहे. सुट्या भागांचं कपाट घेणाऱ्याला तो शिक्का दिसतच नाही. २०१८मध्ये हैदराबादला आणि २०२०च्या डिसेंबरात नवी मुंबईत आयकियाचं दुकान उघडलं. तोवर ऑनलाइन मागवलेली कपाटं पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांत शिरलेलीच होती.

इतिहास इथे थांबवतो, कारण पुस्तकाची खरी सुरुवात एका आकड्यापासून होते आणि तो आकडा वाचकाने स्वतः करून बघावा असा आहे.

अठरा मिलिमीटर जाड, पंचेचाळीस सेंटिमीटर खोल, नव्वद सेंटिमीटर लांब अशी पार्टिकल बोर्डाची फळी घ्या. दोन्ही टोकांना टेकवा आणि तिच्यावर तीस किलो सारखे पसरा. हिशेबाने मधोमध साधारण सहा मिलिमीटर झोल येतो. डोळ्याला मीटरमागे अडीच-तीन मिलिमीटर झोल दिसायला लागतो, म्हणजे ही फळी पहिल्याच दिवशी वाकलेली दिसेल. त्यावर बोर्डाचा स्वभाव असा की वजन तसंच राहिलं तर तो महिनोन्‌महिने हळूहळू वाकतच राहतो. काही काळाने झोल दुप्पट होणं नेहमीचंच. आता तीच फळी, तेवढंच दाट वजन, फक्त लांबी साठ सेंटिमीटर. झोल जेमतेम एक मिलिमीटरच्या वर जातो. लांबी दीडपट वाढली की झोल पाचपट होतो, कारण तो लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडीचं उलटं: जाडी दुप्पट केली तर झोल आठपट कमी.

हे एकदा कळलं की कपाट घेतानाच निम्मं काम होऊन जातं. आयकियाच्या पॅक्स मालिकेत सांगाडे ५०, ७५ आणि १०० सेंटिमीटर रुंदीचे मिळतात. शंभरचा एक घेण्याऐवजी पन्नासचे दोन घेतले तर फळीचा झोल सोळापट कमी, आणि त्यासाठी एकही पट्टी मारावी लागत नाही. दुकानात मात्र शंभरचा सांगाडा ऐसपैस दिसतो, आणि आपण ऐसपैसला भुलतो.

फळी आधीच घरात आली असेल तर? इथून या विषयातली घराणी सुरू होतात. शास्त्रीय संगीतात जशी एकाच रागाची मांडणी घराण्यागणिक बदलते, तसा प्रकार आहे. वजन तेच, ते पेलायची रीत वेगळी.

पहिलं घराणं पट्टीवाल्यांचं. फळीच्या पुढच्या कडेखाली सागाची किंवा कुठल्याही टणक लाकडाची पट्टी उभी लावायची: जाडी अठरा मिलिमीटर, उंची चाळीस. हिशेब केला तर ही एवढीशी पट्टी एकटीच त्या पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद बोर्डाच्या दुप्पट ताठ भरते. एक कारण म्हणजे सागाचा ताठपणा बोर्डाच्या चार-पाच पट असतो. दुसरं, आणि मोठं, म्हणजे ती उभी असते. तीच पट्टी आडवी चिकटवली तर उपयोग बराच कमी होतो. लोखंडी कपाटाची दुमडलेली कड ती हीच. इथे एक गफलत हमखास होते. पट्टी फेविकॉलने चिकटवली जाते, पण फळीचा खालचा भाग लॅमिनेटचा, गुळगुळीत. पांढरा सरस लाकडाच्या छिद्रांत शिरून धरतो, लॅमिनेटवर धरत नाही. तिथे पॉलिश पेपरने लॅमिनेट घासून बोर्ड उघडा करायचा, नाहीतर दर दीडशे मिलिमीटरला खालून स्क्रू मारायचा. स्क्रू अठरा मिलिमीटरच्या फळीतून वर डोकावणार नाही एवढाच लांब.

पट्टीवाल्यांची मर्यादा अशी, की ताठ केलेल्या फळीचं सगळं वजन आता चार पिनांवर येतं. पिनेचं भोक बोर्डात असतं. बोर्डाचा आतला थर भरड, बाहेरचे थर दाट. तीस किलोच्या फळीखाली प्रत्येक पिनेवर साडेसात किलो येतात. आकडा छोटा वाटतो, पण भोक हळूहळू अंडाकृती होतं आणि पीन तिरकी होते. म्हणून दुसरं घराणं टेक्याचं. फळीच्या दोन्ही टोकांखाली, बाजूच्या उभ्या फळीला लागून, प्लायच्या उभ्या पट्ट्या लावायच्या, त्या थेट खालच्या पाटापर्यंत. फळी पट्टीवर टेकते, पट्टी पाटावर. पिनांना काही काम उरत नाही. दांडीच्या वाटीखालीही असाच टेका. दांडीच्या बाबतीत लोक बहुधा उलटं करतात: दांडी झुकली की मधोमध वरच्या पाटातून एक आधार लटकवतात. दांडीचा झोल जातो खरा, पण ते वजन आता छताच्या फळीवर जाऊन बसतं आणि ती तर नुसत्या मिनिफिक्सवर उभी. टेका वरून लटकवायचा नाही, खालून उभा करायचा. आणि खालच्या पाटाखालीही, मधोमध, जमिनीपर्यंत एक ठोकळा हवा. हा ठोकळा पुस्तकातल्या सगळ्या उपायांत स्वस्त आणि सगळ्यांत विसरला जाणारा.

तिसरं घराणं पाठवाल्यांचं, आणि माझा कौल यांच्याकडे. कपाट म्हणजे चार फळ्यांची चौकट. चौकटीचे चारही कोपरे थोडे जरी सैल असले तरी ती बाजूला कलंडून समांतरभुज होऊ पाहते. तिला गुण्यात धरून ठेवते ती पाठ. सुट्या भागांच्या कपाटात ही पाठ बहुतेक वेळा तीन मिलिमीटरची, घडीत आलेली, एवढ्याएवढ्या खिळ्यांनी ठोकलेली किंवा खाचेत नुसती सरकवलेली असते. वर कपाट स्विचबोर्डासमोर आलं म्हणून तिला करवतीने चौकोनी भोक पाडलं जातं. मग दारं वरखाली दिसायला लागतात. घरातला माणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन बिजागऱ्या फिरवत बसतो, चार दिवस दारं जुळतात, पुन्हा बिघडतात. दोष बिजागरीत नसतोच. टेपने सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजावेत; दोन आकड्यांत चार-पाच मिलिमीटरचा फरक निघाला तर सांगाडाच कललेला आहे. उपाय असा: कपाट रिकामं करून कर्ण सारखे होईपर्यंत ढकलायचं, जुनी पाठ काढून सहा मिलिमीटरच्या प्लायची एकसंध पाठ लावायची आणि तिला चारही कडांना, शिवाय मधल्या प्रत्येक पक्क्या फळीला, शंभर-सव्वाशे मिलिमीटर अंतरावर स्क्रू मारायचे. खिळे नकोत. एवढं केलं की कपाट हलवून बघा. आवाजच बदललेला असतो. माझ्या मते वजन वाढवण्याचा विचार करणाऱ्याने पहिला पैसा पाठीवर घालावा आणि मग फळ्यांकडे वळावं. पुस्तकाच्या लेखकाने फळ्या आधी घेतल्या आहेत. वाचकाने हवं तर उलट्या क्रमाने वाचावं.

चौथं घराणं सांगाड्याचं: कपाटाच्या आत लोखंडी चौकोनी पाइपाची किंवा अॅल्युमिनियमची चौकट उभी करायची आणि बोर्डाला नुसतं आवरण म्हणून ठेवायचं. मजबुतीत याला तोड नाही. पण एवढं करायचं तर बोर्डाचं कपाट घेतलंच कशाला, हा प्रश्न उरतो. लेखकाने हे प्रकरण आटोपशीर ठेवलं आहे ते बरं केलं.

पाचवं भिंतीचं, आणि हे ऐच्छिक नाही. उंच कपाट, वरचे खण भरलेले, दारं उघडी, आणि खालच्या ड्रॉवरवर चढलेलं लहान मूल: कपाट पुढे पडायला एवढं पुरतं. अमेरिकेत मुलांच्या मृत्यूंनंतर २०१६च्या जूनमध्ये आयकियाने माल्म आणि इतर ड्रॉवरची कपाटं मिळून सुमारे २ कोटी ९० लाख नग परत मागवले. २०२२च्या अखेरीस तिथे स्टर्डी नावाचा कायदा झाला आणि सप्टेंबर २०२३पासून कपड्यांच्या कपाटांना न कलंडण्याची चाचणी सक्तीची झाली. भूकंपाच्या देशात, जपानमध्ये, कपाट भिंतीला कोनाने बांधणं किंवा कपाट आणि छत यांच्यामध्ये दाबून बसणारे दांडे लावणं ही घरोघरची गोष्ट आहे. आपल्याकडे कपाटासोबत आलेला कोन पाकिटातच राहतो. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, हे एक कारण. दुसरं कारण भिंत स्वतः. जुन्या विटेच्या भिंतीत साधा प्लग धरतो. सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीत तोच प्लग गोल फिरत राहतो आणि हाताने ओढला तरी बाहेर येतो. तिथे त्या ब्लॉकसाठी केलेला लांब नायलॉन प्लग हवा. माय‌व्हान पद्धतीच्या काँक्रीटच्या भिंतीत प्लग घट्ट बसतो, पण घरगुती ड्रिल पुढे सरकत नाही, हॅमर ड्रिल लागतं. भिंत कोणती हे ड्रिलमधून पडणाऱ्या भुकटीवरून कळतं: लाल, पांढरी हलकी, की राखाडी. पुस्तकातलं भिंतींचं प्रकरण म्हणूनच लांब आहे आणि ते तसंच असायला हवं होतं.

या घराण्यांच्या पलीकडे एक भांडण आहे, आणि त्यात लेखकाचं आणि माझं पटत नाही. सांध्यात सरस घालावा की नाही?

मिनिफिक्स सांधा दोन कामं वाटून घेतो. लोखंडी भाग दोन फळ्या एकमेकींकडे ओढून धरतो. शेजारची लाकडी गुल्ली फळीला वर-खाली सरकू देत नाही. कारखान्याच्या हिशेबात गुल्ली कोरडी बसते. ती फेविकॉल लावून बसवली तर सांध्याची ताकद कितीतरी वाढते, कारण भोकाच्या आत बोर्ड उघडा असतो आणि सरस त्याला धरतो. पण मग तो सांधा पुन्हा उकलत नाही. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारं बिऱ्हाड दर वर्षा-दोन वर्षांनी घर बदलतं. त्यांचं कपाट उकललं नाही तर ते लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्यात अडकतं. लेखक म्हणतो, सरस कुठेच नको. जो स्क्रू आवळता येतो तोच सोडवताही यावा. बोर्डाच्या कडेत मारायचे जाड, सात मिलिमीटरचे कन्फर्मेट स्क्रू त्यासाठी तो सुचवतो, आधी पाच मिलिमीटरचं भोक पाडून. त्याचं म्हणणं भाडेकरूसाठी शंभर टक्के बरोबर आहे. पण स्वतःच्या घरात, एका भिंतीशी वीस वर्षं उभं राहणार असलेल्या कपाटाच्या गुल्ल्या कोरड्या ठेवायचं मला कारण दिसत नाही. त्यातही एक बारकावा आहे: दोन-तीनदा उकललेल्या बोर्डात स्क्रूचं भोक सैल झालेलंच असतं. लोक तिथे काडेपेटीच्या काड्या कोंबतात. दहा मिलिमीटरचं भोक पाडून त्यात सरस लावून गुल्ली ठोकावी, रात्रभर वाळू द्यावी आणि त्या गुल्लीत नवा स्क्रू मारावा. हा उपाय पुस्तकात आहे. म्हणजे सरस लेखकालाही शेवटी लागतोच, फक्त सांध्यात चालत नाही.

हे सगळं आत्ता का लिहायचं? घरं लहान झाली आणि नव्या इमारतींतून माळा गेला. जे सामान माळ्यावर जायचं ते कपाटात आलं. एका कपाटाकडून आता दोन पिढ्यांच्या ट्रंका, माळा आणि फडताळ यांची कामं करून घेतली जातात. दुसरं म्हणजे सुतार. मोठ्या शहरांत एका दिवसाच्या किरकोळ कामाला मिस्त्री मिळणं अवघड झालं आहे; त्याला पूर्ण फ्लॅटचं इंटिरियर हवं असतं, आणि ते साहजिक आहे. त्यामुळे पट्टी मारणं, पाठ बदलणं हे घरच्या माणसाच्या हाती आलं. ड्रिल आता बऱ्याच घरांत असतं, ते धरायचं कसं हे शिकवणारं मराठीत फारसं काही नाही. सुतारकामाची आपली भाषा समृद्ध आहे: गुण्या, ओळंबा, रंधा, गिरमिट. पण ती लाकडाची भाषा आहे. बोर्डाचे गुण वेगळे आणि त्याचं मराठी अजून कारागिरांच्या तोंडातच आहे. या पुस्तकाने ते कागदावर आणलं.

तिसरं कारण भंगाराचं. लोखंडी कपाट मोडलं तर भंगारवाला वजनावर घेऊन जातो. सागाचं मोडलं तर त्या लाकडाचा पाट होतो, चौरंग होतो. बोर्डाचं कपाट मोडलं की तो हात हलवतो आणि पुढे जातो. रेझिनमध्ये दाबलेला भुसा वितळत नाही आणि चुलीत घालण्यासारखा नसतो. तो सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात पावसात फुगत पडतो. पाच वर्षांत टाकावं लागणारं कपाट पंधरा वर्षं चाललं, तर निदान दोन कपाटांचा हा कचरा वाचतो.

पुस्तकात काय नाही तेही सांगतो. हे नवं फर्निचर करायचं पुस्तक नाही. कुठल्या कंपनीचं कपाट घ्यावं याची शिफारस त्यात नाही. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेल्या कपाटांना लेखकाने हात घातलेला नाही, कारण तिथे वजन जमिनीवर जातच नाही, ते भिंतीतल्या स्क्रूंवर लटकतं आणि त्याचा हिशेब निराळा. पुस्तक ज्या कपाटांचं आहे ती जमिनीवर उभी आहेत आणि त्यांत कपडे, अंथरुणं, पुस्तकं, भांडी असं घरगुती वजन आहे. प्रत्येक उपायाआधी वजन करायला सांगितलं आहे आणि त्यासाठी बाथरूममधला वजनकाटा पुरतो: एकदा स्वतः उभं राहायचं, मग साड्यांची चवड हातात घेऊन. हे लोक करत नाहीत. करून बघितलं की पुष्कळदा उपाय बदलतो. पितळेची भांडी वरच्या खणातून खालच्या पाटावर आली की पट्टीची गरजच उरत नाही.

पावसाळ्याचा मुद्दा लेखकाने मध्ये मध्ये पेरला आहे, मला तो वेगळ्या प्रकरणात हवा होता. कोकणात, गोव्यात आणि मुंबईच्या दमट हवेत बोर्ड कडांमधून पाणी पितो. लॅमिनेटने पुढची-मागची बाजू झाकलेली असते, पुढच्या कडेला पट्टी असते. खालची कड आणि भोकं मात्र उघडीच. फरशी पुसताना ओलं फडकं रोज त्या खालच्या कडेला लागतं. अठरा मिलिमीटरची कड फुगून बावीस होते आणि एकदा फुगलेला बोर्ड वाळला तरी पूर्वीसारखा होत नाही. म्हणून कपाट नवीन असतानाच त्याखाली प्लास्टिकचे किंवा पीव्हीसीचे पाय लावायचे, उघड्या कडांना मेण किंवा व्हार्निश फिरवायचं, पाठीमागे भिंतीपासून बोटभर जागा सोडायची. वजन पेलण्याशी याचा काय संबंध, असं वाटेल. सगळं वजन अखेर ज्या कडेवर येऊन टेकतं ती हीच कड आहे.

तेव्हा पुस्तक उघडण्याआधी एक तपासणी करून घ्यावी. कपाटाच्या बाजूच्या फळीची खालची कड स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघावी. टोक आत रुतलं आणि भुसा गळला, तर त्या सांगाड्याला कुठलीही पट्टी, पाठ किंवा टेका उपयोगी पडणार नाही. त्यावर खर्च करू नये. दारं मात्र बहुतेक वेळा धडधाकट असतात, कारण त्यांच्यावर वजन नसतं आणि ती फरशीपासून वर असतात. बिजागरीच्या वाटीचं ३५ मिलिमीटरचं भोक आता बहुतेक सगळीकडे सारखंच असतं. आयएस ७१०च्या प्लायचा नवा सांगाडा त्याच मापाने करून घेतला, तर जुनी दारं त्याच बिजागऱ्यांवर पुन्हा बसतात.